स्टेम सेल उपचार, पावणेतीन लाख आणि मिरजेत घेतलेली मापं

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेल्या मुलांना स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, दिल्यावर काय फरक पडला याचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातलं मूल उपचारानंतर आठ-पंधरा दिवसांनी उभं राहताना दिसतं. सहा महिन्यांनी काय झालं ते मराठीत लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही, म्हणून मी लिहितोय. केंद्राचं नाव देणार नाही. नाव दिलं की वाद त्या एका ठिकाणापुरता राहतो, आणि मला जे विचारायचंय ते हा उपचार पैसे घेऊन देणाऱ्या प्रत्येकाला विचारायचंय.

माझं मत आधीच सांगतो. नर्सिंगला पाचपैकी पाच. थेरपीला पाचपैकी पाच. स्टेम सेलला शून्य. ज्यासाठी पावणेतीन लाख घेतले ती गोष्ट माझ्या पोरीवर काम करते का, हे मोजायचं त्यांनी मनावरच घेतलं नाही.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत टर्निंगचं काम करतो. छोटं वर्कशॉप आहे, पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट करून देतो. लेक पाचव्या वर्षात आहे. एकतिसाव्या आठवड्यात झाली, वजन चौदाशे ग्रॅम, मिरजेत बरेच दिवस पेटीत होती. वर्षाची होईपर्यंत नीट बसेना, पाय ताठ, लंगोट बदलताना मांड्या उघडायच्या नाहीत. एमआरआय केला तर पीव्हीएल निघालं. म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्यांभोवती जो पांढरा भाग असतो त्याला इजा. गर्भाच्या साधारण चोवीस ते बत्तीस आठवड्यांत तिथल्या पेशी फार नाजूक असतात, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे जास्त दिसतं. पायांकडं जाणारे मज्जातंतू त्या कप्प्यांच्या अगदी जवळून जातात, त्यामुळं हातांपेक्षा पाय जास्त ताठ होतात. डॉक्टरी भाषेत स्पास्टिक डायप्लेजिया.

पोरगी बोलायला पक्की आहे. आजीबरोबर हरिपाठ म्हणते, चुलतभावाला दम देते. पण टाच टेकत नाही, पायात पाय अडकतात, घरात वॉकर धरून चालते आणि बाहेर कडेवर घ्यावं लागतं. थेरपिस्ट याला जीएमएफसीएस लेव्हल तीन म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९९७ साली ही पाच पातळ्यांची पद्धत तयार झाली. एक म्हणजे आधाराशिवाय चालणारं मूल, पाच म्हणजे मान सावरणंही अवघड. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी आपल्या मुलाची लेव्हल थेरपिस्टला विचारून घ्यावी. किती सुधारणेची अपेक्षा धरायची, खुब्याचा एक्स-रे किती वेळा काढायचा, हे बरंचसं तिच्यावर ठरतं. आम्हाला ती पोरगी तीन वर्षांची होईपर्यंत कुणी सांगितलेली नव्हती.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये रविवारी त्या केंद्राचं मोफत शिबिर होतं, तिथून हे सगळं सुरू झालं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खाली चिकोडीपर्यंतची माणसं आलेली. सात-आठ वर्षांची पोरं आयांच्या मांडीवर. पंखे चालू असून घामानं भिजलेल्या बाया, बाटलीतलं पाणी चमच्यानं पोराच्या तोंडात सोडतायत. पुढं पडद्यावर आधीचा आणि नंतरचा असे व्हिडिओ. आधीच्या व्हिडिओत मूल सतरंजीवर आडवं पडलेलं, नंतरच्यात दोन बारच्या मधून चालणारं. मधे किती महिने गेले, त्या काळात थेरपी किती झाली, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग एकेका घराला आत बोलावलं. माझ्या पुढं जतकडच्या एक आजी होत्या, नातू सहा वर्षांचा, मान धरत नव्हता. दार अर्धं उघडं होतं. आजींनी एकच विचारलं, "साहेब, ह्यो मला आजी म्हणंल का?" समुपदेशक म्हणाला, "आजी, आपण प्रयत्न करू, विश्वास ठेवा. मेंदूत नवीन पेशी तयार होतात, पण वय वाढायच्या आत केलेलं बरं." आजींनी हात जोडले. त्या माऊलीला तिच्या नातवाच्या लेव्हलचा, वयाचा, अशा मुलांचा आजवरचा अनुभव काय, हे खरं खरं कळायला पाहिजे होतं. तो तिचा हक्क होता. विश्वास तिच्याकडं होताच, तो घेऊनच ती जतहून पहाटेची एसटी धरून आली होती.

घरी आठवडाभर हाच विषय. आईचं म्हणणं, दवाखाना सोडू नका. हिचं म्हणणं, उद्या पोरीनं विचारलं तर आम्ही सगळं केलं असं सांगता आलं पाहिजे. भावाच्या बेदाण्याचा सौदा नुकताच झाला होता, त्यातनं त्यानं मागं न घेण्याच्या बोलीवर पैसे दिले, राहिलेले पतसंस्थेतून उचलले. निर्णय चार माणसांनी विचार करून घेतला, आणि तसल्या परिस्थितीत कुठलंही घर तोच घेईल.

मिरजेत आमच्या पोरीला थेरपी देणाऱ्या ताईंना सांगायला गेलो. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "जायचं तर जा दादा, मी अडवत नाही. पण जायच्या आधी मला तिची पूर्ण मापं घेऊ दे." त्या एका वाक्यामुळं मला हे लिहिता येतंय.

ती मापं म्हणजे जीएमएफएम नावाची चाचणी. खाली गादी, एक बुटका बाक, हातात स्टॉपवॉच, जमिनीवर चिकटपट्टीच्या रेघा. मुलाला एकेक गोष्ट करायला लावायची: पालथं होणं, हात न टेकता बसणं, रांगणं, गुडघ्यांवर उभं राहून हात सोडून दहा सेकंद थांबणं, बाकावरून हात न लावता उठणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. सुरुवातच केली नाही तर शून्य, सुरुवात केली तर एक, अर्धंमुर्धं जमलं तर दोन, पूर्ण केलं तर तीन. पोरगी गुडघ्यांवर उभी राहिली, ताईंनी हात सोडले, आणि चार सेकंदांत ती डावीकडं कलंडली. ताईंनी गुण लिहिले, तिला उठवलं, परत करून घेतलं. लाड नाही की ओरडा नाही. सगळं व्हायला तासाभराच्या वर गेलं. शेवटी त्यातून एक आकडा निघतो. पोरीचा निघाला ४८.६. त्याच्या सहा महिने आधी ताईंनीच घेतलेला होता ४६.९.

माझ्या धंद्यात जॉब लेथवर चढवायच्या आधी मायक्रोमीटर लावतो आणि उतरवल्यावर परत लावतो, तोच मायक्रोमीटर, तोच हात. त्याशिवाय गिऱ्हाईक बिल देत नाही. त्यामुळं ताई काय करतायत ते मला लगेच कळलं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं केंद्रावर गेलो. केंद्राच्या चांगल्या बाजू आधी लिहितो, कारण त्या खऱ्या आहेत. खोली स्वच्छ, आईला पोरीजवळ झोपायला वेगळा पलंग, मराठी बोलणाऱ्या सिस्टर. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी पोरीशी अर्धा तास बाहुलीचा खेळ खेळून मगच तिला आत नेलं. रक्त तपासलं, ईईजी काढला, एमआरआय परत केला. प्रत्यक्ष प्रक्रिया एका दिवसाची. सकाळी भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढला, ज्याला बोन मॅरो म्हणतात. प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वेगळ्या केल्या. दुपारी पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून त्या पेशी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी पोरगी डोकं दुखतंय म्हणून उठेना, दोनदा उलटी झाली, कणकण आली. असं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, आणि सिस्टर रात्रभर येऊन बघत होत्या. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली.

आणि मग थेरपी. सकाळी फिजिओ, मग ऑक्युपेशनल थेरपी, दुपारी परत फिजिओ, संध्याकाळी पाण्यातले व्यायाम. दिवसभर. शिकवणारी पोरं-पोरी तरुण, मन लावून काम करणारी. आमच्या मिरजेच्या ताई आठवड्यातून तीनदा तास-तास द्यायच्या, इथं रोज पाच-सहा तास मिळत होते. निघायच्या दिवशी पोरगी वॉकर न धरता भिंतीला हात लावून तीन पावलं चालली. ही रडली. मीही रडलो. त्याच क्षणी एकजण मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, स्टेम सेलमुळं काय फरक वाटतोय ते दोन मिनिटं बोला. मी म्हटलं, सहा महिन्यांनी बोलतो.

सहा महिन्यांचे आकडे असे. परत आल्यावर महिन्याभरात ताईंनी माप घेतलं, ४९.९. सहा महिन्यांनी घेतलं, ५०.४. म्हणजे उपचाराआधीच्या सहा महिन्यांत पोरगी १.७ नं पुढं गेली होती आणि उपचारानंतरच्या सहा महिन्यांत १.८ नं. त्यातली बरीचशी वाढ पहिल्या महिन्यातली, भरपूर थेरपीच्या पाठीवर आलेली. पुढं आपली नेहमीची चाल.

एका पोरीवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पेशी दिल्या नसत्या तर आकडा किती आला असता हे सांगायला माझ्याकडं दुसरी पोरगी नाही. मोठ्या चाचण्या त्याचसाठी करतात, आणि त्या झालेल्या आहेत. ताईंनी आणि मिरजेतल्या एका बालमेंदूतज्ज्ञ डॉक्टरांनी मला बसवून समजावल्या, मग मी स्वतः वाचत गेलो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. जोअॅन कुर्ट्झबर्ग यांच्या गटानं ६३ मुलांवर केलेली चाचणी २०१७ साली छापून आली. ज्यांच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त साठवून ठेवलं होतं अशी ही मुलं. काहींना आधी त्यांचंच नाळेचं रक्त दिलं आणि काहींना नुसतं दिसायला तसंच दिसणारं द्रावण. वर्षानं अदलाबदल केली. कुणाला काय दिलंय हे आईबापांना माहीत नव्हतं आणि माप घेणाऱ्यांनाही नाही. निकाल? दोन्ही गट सरसकट ताडून बघितले तर वर्षानं फरक दिसला नाही. ज्यांना वजनाच्या मानानं जास्त पेशी मिळाल्या होत्या ती मुलं मात्र अपेक्षेपेक्षा थोडी जास्त पुढं गेली. हे वाचून मला एक गोष्ट लख्ख कळली. नुसतं द्रावण मिळालेली मुलंही त्या वर्षात पुढं गेली होती. मूल वाढतं, शिकतं, थेरपी चालू असते. मग "उपचारानंतर सुधारलं" याला अर्थ किती उरतो?

त्याआधी २०१६ साली इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या पाच चाचण्या, ३२८ मुलं, एकत्र करून पाहिली होती. हालचालींत थोडा फायदा दिसतो, तोही थोड्या काळापुरता तपासलेला. पुढं २०२५ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात नाळेच्या रक्ताच्या चाचण्यांमधली एकेका मुलाची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यात हालचालींत खरीखुरी पण मध्यम सुधारणा दिसली, लहान वयाच्या आणि सौम्य त्रास असलेल्या मुलांत जास्त. म्हणजे या विषयात काहीच नाही असं मी म्हणत नाही. काम चालू आहे, आशेला जागा आहे, आणि ते काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण नीट बघा, ड्यूकच्या आणि 'पीडियाट्रिक्स'मधल्या अभ्यासांत दिलं काय होतं? नाळेचं रक्त, बहुतेक शिरेतून. माझ्या पोरीला दिलं ते कमरेच्या हाडातलं, पाठीच्या पाण्यात सोडलेलं. पेशी वेगळ्या, वाट वेगळी. शिबिरात पडद्यावर ड्यूकचं नाव झळकत होतं आणि खाली जे विकायला ठेवलं होतं ते दुसरंच होतं. माझ्या मते सगळ्यात गंभीर गोष्ट हीच आहे. आईबाप शिकलेले असोत नसोत, हा फरक त्यांना कुणी उलगडून सांगितल्याशिवाय कळणार नाही.

"नवीन पेशी तयार होतात" हेही तसंच. या पेशी मेंदूत जाऊन बसतात आणि मेंदूच्याच पेशी बनतात असं संशोधक म्हणत नाहीत. त्या काही रसायनं सोडतात, त्यानं सूज कमी व्हावी, असलेल्या पेशींना बळ मिळावं, अशी त्यांची अटकळ आहे आणि तीच तपासतायत. पीव्हीएलनं गेलेला भाग परत भरून येत नाही. आमचा दुसरा एमआरआय पहिल्यासारखाच होता हे मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी लावून दाखवलं, आणि तो काही दिवसांत बदलणारही नव्हता, मग केला कशाला हाही प्रश्न आहेच. तो खर्चही पावणेतीन लाखांतच होता.

आता नियमाची बाजू. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची स्टेम सेलबद्दलची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ सालची आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी बोन मॅरो प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बाकी आजारांवर स्टेम सेल देणं हे संशोधन, आणि ते मंजूर चाचणीतच व्हायला पाहिजे. चाचणीबाहेर दिलं तर ते अनैतिक आणि वैद्यकीय गैरवर्तन, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून संशोधनाचे पैसे घ्यायचे नसतात. हे दोन्ही एकत्र वाचा. पैसे घेतले तर ती चाचणी नाही, आणि चाचणी नाही तर द्यायलाच नको. मी केंद्राला फोन करून सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नंबर मागितला. भारतात औषधाची, उपचाराची चाचणी सुरू करायच्या आधी तिथं नोंद करावी लागते, १५ जून २००९ पासून ते सक्तीचं आहे, आणि नोंद कुणालाही इंटरनेटवर बघता येते. उत्तर आलं, "सर, हा उपचार आहे, चाचणी नाही." पावतीवरही 'सेल थेरपी पॅकेज' एवढंच आहे.

संमतीपत्र इंग्रजीत होतं, बरीच पानं. हिची बारावी झालीय, माझा आयटीआय. सही कुठं करायची तिथं पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. समुपदेशकानं मराठीत जे सांगितलं त्यात "प्रायोगिक" हा शब्द नव्हता. घरी आल्यावर भाचीनं, ती वालचंदला इंजिनिअरिंग करते, ते शब्द न् शब्द वाचून दाखवलं, तर चौथ्या पानावर तो होता. सांगलीसारख्या गावात शिबिर घेता, तर कागद मराठीत द्या. चिकोडीच्या माणसाला कन्नडमध्ये द्या. आजींना वाचून दाखवा आणि त्यांनी काय ऐकलं ते त्यांच्या तोंडून परत ऐका.

आणि खुबा. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. एवढ्या तपासण्या केल्या, पण खुब्याचा एक्स-रे कुणी काढला नाही की मागचा आहे का म्हणून विचारला नाही. ताठ मांड्यांच्या ओढीनं या मुलांचे खुबे हळूहळू सांध्यातून सरकतात. सुरुवातीला दुखत नाही, दिसतही नाही. लेव्हलचा आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा सगळ्या मुलांचे ठरावीक काळानं एक्स-रे काढून वेळेत उपचार करायला लागले, तर पूर्ण निखळलेले खुबे तिथं जवळपास दिसेनासे झाले. एक्स-रेला काही शे रुपये लागतात. आमच्या पोरीचा उजवा खुबा थोडा बाहेर येतोय हे मिरजेच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, केंद्रातून आल्यावर. आता दर सहा महिन्यांनी बघतोय, मांड्यांच्या स्नायूंत बोटॉक्स, म्हणजे ताठरपणा कमी करणारं इंजेक्शन, दिलंय, रात्री पाय फाकवून ठेवायचा पट्टा लावतो.

सहा महिन्यांनी केंद्रातून फोन आला तो दुसऱ्या डोससाठी. या महिन्यात नोंदवलं तर सवलत. मी विचारलं, पहिल्या डोसनं काय झालं त्याचं माप तुमच्याकडं आहे का? पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती, म्हणाली, तुम्ही व्हिडिओ पाठवा, डॉक्टर बघतील. तिच्यावर राग नाही, ती नोकरी करते. पण लाखो रुपये घेणाऱ्या ठिकाणी प्रत्येक मुलाचं आधीचं आणि नंतरचं जीएमएफएम, बाहेरच्या माणसानं घेतलेलं, फाईलला लावलेलं का नाही? त्याला सेल वेगळ्या करायच्या यंत्रासारखं महागडं काही लागत नाही. एक गादी, एक बाक, घड्याळ आणि शिकलेला थेरपिस्ट. इतक्या वर्षांत इतकी मुलं येऊन गेली असं तेच सांगतात. ती मापं ठेवली असती तर आज देशातल्या प्रत्येक आईबापाला उत्तर मिळालं असतं, हो किंवा नाही. जतच्या त्या आजींनाही.

पावणेतीन लाखांत इथं काय होतं त्याचा हिशोब मी मांडून पाहिला. मिरजेच्या दरानं रोज एक तास थेरपी दोन वर्षांहून जास्त चालते. पायातले एएफओ, ज्याला आपण बूट म्हणतो, ते वाढत्या पायाला दरवर्षी नवे लागतात, तेही त्यात बसतात. बोटॉक्स, एक्स-रे सगळं बसतं. ज्या गोष्टींचा उपयोग अभ्यासांत पक्का दिसलाय त्या याच: ठरवून, ध्येय धरून केलेला सराव, एका बाजूनं अधू मुलांत चांगला हात बांधून दुसऱ्याकडून काम करून घेणं, बोटॉक्स, प्लास्टर, खुब्यावर लक्ष. त्यांचे व्हिडिओ कुणी करत नाही, कारण त्यात आठ दिवसांत काही दिसत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडीतली थेरपीही धरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीची नोंद स्वतंत्र आहे, त्यामुळं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. अंगणवाडीत तपासणीला येणारं आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य कार्यक्रमाचं पथक अशा लहान मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतं, तिथं पैसे पडत नाहीत. गाडीतल्या डॉक्टरांना थांबवून विचारा, ते सांगतात.

आणि ज्यांच्या घरी बाळ यायचंय त्यांना नाळेचं रक्त साठवायच्या कंपन्यांचे फोन येतात. माझ्या मेव्हणीला आले, भाचीच्या आजाराचं कुठून कळलं देव जाणे, तेच नाव काढून भीती घातली. मूल मोठं झाल्यावर त्याच्या स्वतःच्याच उपयोगासाठी खासगी बँकेत रक्त ठेवण्याला सध्या शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरच्या त्याच २०१७ च्या तत्त्वांत आहे. तिनं नाही सांगितलं.

कुणी उद्या निघालाच असेल तर मी अडवणार नाही, ताईंनी मला अडवलं नाही तसंच. पण सीटीआरआय नंबर मागा. पैसे का घेता हे विचारा. नक्की कुठल्या पेशी, कुठून काढलेल्या, कुठल्या वाटेनं देणार, आणि ज्या अभ्यासाचं नाव सांगता त्यात त्याच दिल्या होत्या का, हे लिहून घ्या. आणि निघायच्या आधी आपल्या गावातल्या, त्या केंद्राशी संबंध नसलेल्या थेरपिस्टकडून जीएमएफएम करून घ्या, परत आल्यावर त्याच माणसाकडून परत करा. आकडे आले की मला कळवा. माझ्या पोरीपेक्षा वेगळे आले तर मला आनंदच होईल आणि तेही इथंच लिहीन.

सध्या पोरगी रोज एक तास उभी राहते, मी केलेल्या स्टँडिंग फ्रेममध्ये, समोर ट्रेवर चित्रं रंगवत. विकतची फ्रेम पंचवीस हजारांच्या पुढं सांगत होते. ताईंनी मापं दिली, गुडघ्याच्या पॅडची उंची आणि पाय किती फाकवायचे ते त्यांनीच उभं राहून ठरवलं, मी चौकोनी पाइप आणि प्लायमध्ये बसवली. जतच्या आजींच्या नातवासाठी पाठीला रेलून राहता येईल अशी दुसरी करतोय, त्यांचा नंबर त्या दिवशी रांगेत घेतला होता. सांगली, मिरज, तासगाव, जत, कुठूनही कुणाला हवी असेल तर थेरपिस्टनं लिहून दिलेली मापं घेऊन कुपवाडला या. सामानाचे पैसे घेईन, मजुरी नाही. प्लाय अठरा मिलीमीटरचाच आणा, बाराचा वाकतो.